चिकित्सेचा तिसरा पाद : मानसिक आरोग्यसेवेतील पहिल्या पायरीचे प्रशिक्षण

चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केलेले असतात : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी भिषकाच्या शिक्षणासाठी महाविद्यालये आहेत. द्रव्याच्या शुद्धतेसाठी औषधनिर्माणशाळा आणि मानके आहेत. रोग्याच्या प्रबोधनासाठी शिबिरे आणि व्याख्याने होतात. उपस्थात्यासाठी, म्हणजे वैद्य आणि रोगी यांच्यामध्ये उभ्या असलेल्या परिचारकासाठी, आपण आजवर काय केले, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर देताना आपली मान खाली जाईल. शरीराच्या रोगांत ही उणीव कशीबशी निभावून जाते. मनाच्या रोगांत मात्र तीच कधीकधी प्राणघातक ठरते. हे विधान ग्रंथाधारे न करता स्वतःच्या दवाखान्यातील अनुभवावरून करीत आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पन्नाशीच्या आतला एक शेतकरी निद्रानाशाची तक्रार घेऊन माझ्याकडे येत असे. नाडी पाहिली, कोष्ठाची चौकशी केली, वातप्रकोप ठरवला आणि ब्राह्मी-जटामांसीची योजना केली. दोन महिन्यांत तो तीनदा आला. वजन उतरले होते, बोलणे कमी झाले होते. पण गर्दीच्या वेळी मी औषध पुढे चालू ठेवण्यापलीकडे काही केले नाही. तिसऱ्या वेळी औषधे देणाऱ्या आमच्या बाईंना तो म्हणाला, "ताई, ही शेवटचीच बाटली. पुढं लागायची नाही." बाई मनमिळाऊ होत्या. त्या हसून म्हणाल्या, "बरं झालं की मग, दादा!" चौथ्या दिवशी त्याने शेतातल्या फवारणीचे औषध प्राशन केले. शेजाऱ्यांच्या तत्परतेने तो ग्रामीण रुग्णालयात वेळेवर पोहोचला आणि वाचला.

बाई माझ्यासमोर बसून रडल्या. त्यांना दोष देणे मला शक्य नव्हते. अकरा वर्षे त्या माझ्याकडे काम करीत होत्या आणि चूर्ण, गुटी, काढा यांची मात्रा त्यांना मुखोद्गत होती. परंतु अशा वाक्याचा अर्थ काय आणि ते ऐकल्यावर पुढे काय करावे, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. खरे सांगायचे तर मलाही कोणी शिकवले नव्हते. मी निद्रानाशाची चौकशी केली. परंतु जगण्याची इच्छा आहे की नाही, हे विचारले नाही. रोग वाढविणाऱ्या भावांत चरकाचार्यांनी विषादाला अग्रस्थान दिले आहे, हे मला परीक्षेत लिहिता आले असते.

प्रश्नाची व्याप्ती

ही एका दवाखान्याची कथा असती तर त्रैमासिकाची पाने अडवण्याचे कारण नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. पाहणी झालेल्या राज्यांपैकी केरळ वगळता सर्वत्र मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी होते.

१९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि १९९६ पासून त्याला जिल्हा कार्यक्रमाची जोड मिळाली. तरीही नवे तज्ज्ञ घडवून ही दरी नजीकच्या काळात भरून निघेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. म्हणून गेल्या दोन दशकांत जगभर एक वेगळा विचार पुढे आला. तज्ज्ञाच्या कामाचे भाग पाडावेत. त्यांतील जे भाग अल्पकालीन पण कसोशीच्या प्रशिक्षणाने सामान्य व्यक्तीला शिकवता येतील ते तिच्याकडे सोपवावेत आणि तज्ज्ञाने देखरेख करावी, असा तो विचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सुरू केलेला या क्षेत्रातील कार्यक्रमही बिगरतज्ज्ञांच्या हातूनच सेवा पोहोचवण्याच्या तत्त्वावर उभा आहे.

गोमंतकाने दिलेला धडा

या विचाराची सर्वांत काटेकोर परीक्षा आपल्या शेजारी गोव्यात झाली, ही आपल्याला अभिमानाची बाब वाटली पाहिजे. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगाथ' ही संस्था यांनी केलेल्या 'मानस' या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बारा सरकारी आरोग्यकेंद्रे आणि बारा खाजगी दवाखाने यांत हा अभ्यास झाला. आरोग्यक्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक पदवीधरांना सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमण्यात आले. औषधाची गरज असेल तेथे केंद्रातील डॉक्टर आणि वर देखरेखीस मनोविकारतज्ज्ञ अशी रचना होती. सरकारी केंद्रांत, विकाराचे निश्चित निदान झालेल्यांपैकी ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले; नेहमीची सेवा मिळालेल्या केंद्रांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते.

खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. तेथे समुपदेशक असोत वा नसोत, रुग्ण जवळपास सारख्याच प्रमाणात बरे झाले. खाजगी डॉक्टर रुग्णाला वर्षानुवर्षे ओळखतो, त्याला वेळ देतो आणि पुनःपुन्हा तोच भेटतो, हे त्यामागील एक संभाव्य कारण मानले गेले. आपल्यापैकी बहुतेकांचा व्यवसाय नेमका याच स्वरूपाचा आहे. ओळख आणि सातत्य ही आपली शक्ती खरोखरीच औषधी आहे, असे समाधान यातून मिळते. परंतु ओळख असूनही विचारणा झाली नाही तर काय होते, हे मी वर सांगितलेच आहे.

पुढे याच गटाने दोन अधिक नेमक्या उपचारपद्धती तपासल्या आणि त्यांचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. पहिली पद्धत तीव्र विषादाच्या रुग्णांसाठी होती. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील ४९५ रुग्णांचा त्यात समावेश होता. सहा ते आठ बैठकींत रुग्णाच्या दैनंदिन कृती पुन्हा सुरू करून देण्यावर भर होता. तीन महिन्यांनी उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के, तर तुलनागटातील ३९ टक्के रुग्ण विषादमुक्त झाले. दुसरी पद्धत अपायकारक मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांसाठी होती. तेथे हेच प्रमाण ३६ आणि २६ टक्के असे होते. व्यसनाच्या बाबतीत यश मर्यादित असते, हेही या आकड्यांतून प्रांजळपणे दिसते.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत झालेल्या 'विश्राम' प्रकल्पात गावपातळीवरील आरोग्यसेवक आणि समुपदेशक यांच्या साहाय्याने असेच काम झाले. विषादग्रस्तांपैकी मदतीसाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण प्रारंभी ४.३ टक्के होते. अठरा महिन्यांनंतर ते २७.२ टक्के झाले. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने तर १९८६ पासून व्यसनातून बाहेर पडलेल्या रुग्णमित्रांनाच समुपदेशनाच्या कामात सामावून घेतले आहे. स्वतः त्या वाटेने गेलेल्या माणसाचा शब्द रुग्णाला अधिक पटतो, हे त्यामागील साधे सत्य आहे.

प्रशिक्षणात नेमके काय असते?

'समुपदेशन म्हणजे गोड बोलणे, त्याला शिक्षण कशाला?' असा आक्षेप आपल्यातील ज्येष्ठांकडून ऐकू येतो. त्याचे उत्तर प्रशिक्षणाच्या स्वरूपात आहे. गोव्यातील दुसऱ्या अभ्यासात उमेदवारांना प्रथम तीन आठवड्यांचे वर्ग होते आणि त्यानंतर सुमारे सहा महिने प्रत्यक्ष रुग्णांसमवेत उमेदवारी होती. दर आठवड्याला हे समुपदेशक लहान गटात एकत्र येत. एखाद्या बैठकीचे ध्वनिमुद्रण ऐकत आणि ठरावीक मोजपट्टीवर एकमेकांच्या कामाला गुण देत. या कसोटीला जे उतरले तेच पुढे अभ्यासात घेतले गेले.

आमच्या बाईंनी नंतर एका स्वयंसेवी संस्थेचे प्रशिक्षण घेतले. एका दिवशी त्यांच्यासमवेत मीही बसलो. पहिला पाठ न बोलण्याचा होता. दोघांनी समोरासमोर बसायचे, एकाने आपली अडचण सांगायची आणि दुसऱ्याने पाच मिनिटे कोणताही सल्ला न देता केवळ ऐकायचे. वर्गातील एकालाही ते जमले नाही; मला तर मुळीच नाही. "मन खंबीर करा", "देवाचे नाव घ्या", "लोकांनी याहून वाईट दिवस काढले आहेत" ही वाक्ये आपल्या तोंडून किती सहज बाहेर पडतात आणि ऐकणाऱ्याचे तोंड किती लवकर बंद करतात, ते तेथे कळले.

पुढील पाठ विचारण्याचे होते. झोप, भूक, कामातील रस, थकवा, स्वतःविषयीची भावना यांविषयी पंधरा दिवसांचा आढावा घेणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते आणि ती मराठीतही उपलब्ध आहे. तिच्यातील शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांविषयी आहे. 'असे विचारल्याने नसलेला विचार मनात येईल' ही भीती आपल्यापैकी अनेकांना वाटते. ती निराधार आहे. संशोधनाने तिला दुजोरा दिलेला नाही. उलट कोणीतरी स्पष्ट विचारले याचाच रुग्णाला आधार वाटतो. उत्तर होकारार्थी आले तर पुढील कृतीही ठरलेली असते. व्यक्तीला एकटे सोडू नये, घरच्या विश्वासू माणसाला बोलावून घ्यावे, कीटकनाशक व अन्य साधने तिच्या हाताशी राहू देऊ नयेत आणि त्याच दिवशी रुग्णालयाशी किंवा तज्ज्ञाशी गाठ घालून द्यावी. केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनीसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक दवाखान्यात आणि औषधालयात दर्शनी भागी असावा.

तिसरा भाग उपचारास साहाय्य करण्याचा. विषादात माणूस एकेक करून सर्व कामे सोडतो आणि कामे सुटल्याने विषाद आणखी गडद होतो. समुपदेशक रुग्णाबरोबर बसून दिवसाची लहान लहान कामे लिहून काढतो. सकाळी गोठ्यापर्यंत जाणे, एका मित्राला भेटणे, आठवड्याने बाजारात जाणे अशी ही कामे असतात. पुढच्या बैठकीत काय जमले आणि काय अडले, ते दोघे मिळून पाहतात. दिनचर्येचे महत्त्व जाणणाऱ्या वैद्याला हे परके वाटणार नाही. तथापि, 'हे सारे आमच्याकडे आधीच होते' असे म्हणून थांबणे योग्य नव्हे. सत्त्वावजयाची व्याख्या आपल्याकडे आहे. ती अमुक बैठकींत, अमुक क्रमाने कशी राबवायची आणि तिचा परिणाम कसा मोजायचा, याची शिस्त मात्र आपण या मंडळींकडून शिकली पाहिजे.

चौथा भाग आपल्या मर्यादा ओळखण्याचा. भ्रम, भास, आत्यंतिक आक्रमकता, आक्षेपक, प्रसूतीनंतरचे तीव्र मनोविकार, मद्य अचानक थांबवल्यावर होणारा कंप वा प्रलाप ही तज्ज्ञांकडे तातडीने पाठवण्याची लक्षणे आहेत. तज्ज्ञाने सुरू केलेले औषध आपल्या सांगण्यावरून बंद होता कामा नये, हा या भागातील पहिला नियम आहे. तो समुपदेशकाला जितका लागू आहे तितकाच आपल्यालाही.

कायदा आणि पदांची ओळख

'अर्धशिक्षितांची आणखी एक फौज उभी राहील आणि भोंदूगिरीला वाव मिळेल' हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्यासाठी पदांमधील भेद स्पष्ट ठेवणे आवश्यक आहे. मनोविकारतज्ज्ञ हा पदव्युत्तर वैद्यक असतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता आणि मनोविकार परिचारिका यांचे शिक्षण स्वतंत्र असते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याने 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' या व्याख्येत आयुर्वेदातील मनोविज्ञान व मानसरोग या विषयाच्या पदव्युत्तर पदवीधरांचाही अंतर्भाव केला आहे. आपल्या शास्त्राला मिळालेली ही मान्यता मोलाची आहे. मात्र ती त्या विषयाच्या पदव्युत्तरांना आहे, केवळ स्नातक पदवीधारकांना नाही, हे विसरू नये. याच अधिनियमाने रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क ठरवला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरावे, असेही त्याने सांगितले आहे.

राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम २०२१ मध्ये वर्तन-आरोग्यविज्ञानाचा स्वतंत्र गट असून त्यात समुपदेशकांबरोबर मानसिक आरोग्य साहाय्यक कर्मचाऱ्यांचाही उल्लेख आहे. या अधिनियमानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान दोन हजार तासांचे, दोन ते चार वर्षांत विभागलेले शिक्षण अपेक्षित आहे. म्हणजे आठ-पंधरा दिवसांच्या शिबिरातून व्यावसायिक घडत नाही. शिबिरातून घडतो तो सजग साहाय्यक. त्याने स्वतःला समुपदेशक म्हणवू नये, पाटी लावू नये, निदान सांगू नये. परंतु ज्याला या कामाची गोडी लागेल त्याच्यासाठी ही पहिली पायरी ठरू शकते. पुढे पदविका, पदवी, समाजकार्य किंवा मानसशास्त्र यांतील पदव्युत्तर शिक्षण असा मार्ग खुला आहे. ग्रामीण भागातील बारावी वा पदवी झालेल्या किती मुली आपल्या दवाखान्यांत आणि औषधालयांत तुटपुंज्या पगारावर वर्षानुवर्षे पुड्या बांधीत असतात, याचा विचार केला म्हणजे या मार्गाचे मोल लक्षात येते.

औषधालयाच्या काउंटरवर

औषधालयाचे मालक या लेखाचे वाचक आहेत, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द अधिक. वैद्याकडे जाण्याआधी मनुष्य बहुधा तुमच्या काउंटरवर येतो. 'झोपेसाठी काही द्या' म्हणून दर आठवड्याला येणारा ग्राहक, एकाच वेळी द्राक्षासवाच्या अनेक बाटल्या नेणारा पुरुष, 'बाळ झाल्यापासून सूनबाई बोलतच नाही' म्हणून टॉनिक मागणारी सासू ही सारी माणसे खरे पाहता औषधापेक्षा विचारपूस मागत असतात. तुमच्या मदतनिसाने प्रत्येकाला समुपदेशन करावे, असे कोणी म्हणत नाही. त्याने थांबावे, बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारावेत, ऐकलेले चारचौघांत बोलू नये आणि कोणाकडे पाठवावे हे त्याला ठाऊक असावे, एवढेच.

आपण काय करू शकतो?

संघटनेच्या जिल्हा शाखांपुढे विचारार्थ एक योजना मांडतो. जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ व जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील कर्मचारी यांच्या साहाय्याने वर्षातून एकदा दवाखान्यांतील व औषधालयांतील मदतनिसांसाठी पाच दिवसांचा वर्ग घ्यावा. पहिल्या दिवशी वैद्यांनीही बसावे. वर्गानंतर वर्षभर महिन्यातून एकदा दोन तासांची उजळणी व्हावी आणि तीत नावे न घेता प्रत्यक्ष अनुभव मांडले जावेत. देखरेख नसलेले प्रशिक्षण काही महिन्यांत विरून जाते. तालुक्यागणिक तज्ज्ञ, रुग्णालये व व्यसनमुक्ती केंद्रे यांची यादी छापून प्रत्येक सभासदाला द्यावी. आयुष्मान आरोग्य मंदिरांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करणाऱ्या आपल्या आयुर्वेद पदवीधरांना या वर्गांत अग्रक्रमाने सामावून घ्यावे.

दोन गोष्टी मालकांच्या खिशाला लागणाऱ्या आहेत, पण सांगितल्याच पाहिजेत. मदतनीस वर्गाला जाईल त्या दिवसांचा पगार कापू नये. शिकून आल्यावर तिच्या कामात भर पडते, तर वेतनातही ती दिसावी. दुसऱ्याचे दुःख ऐकणे हे श्रमाचे काम आहे. ते फुकटात आणि सतत करून घेतले तर चांगली माणसे टिकणार नाहीत.

चरकसंहितेच्या उपकल्पनीय अध्यायात शोधनाची पूर्वतयारी सांगताना परिचारकांची मोठी यादी दिली आहे. त्यात स्वयंपाक करणारे, स्नान घालणारे, औषध कुटणारे तर आहेतच. पण गाणी, कथा आणि आख्याने सांगून रोग्याचे मन रमवण्यात कुशल असलेलेही आहेत. उपस्थात्याचे गुण म्हणून उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शौच हे चार सांगितले आहेत. आमच्या बाईंकडे त्या दिवशीही अनुराग होता, दक्षता होती, शौच होते. उपचारज्ञता तेवढी नव्हती, आणि ती देणे हे माझे काम होते.

तो शेतकरी आता आईसाठी संधिवाताचे औषध न्यायला येतो. त्या दिवसाविषयी तो बोलत नाही, आम्हीही काढीत नाही. मात्र औषध हातात देताना बाई त्याला रोज झोप लागते का, जेवण जाते का, कोणाशी बोलणे होते का, असे विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. मागे रांग असली तरी थांबतात. गेल्या पावसाळ्यात एका तरुण सुनेच्या बोलण्यातला असाच एक धागा त्यांनी पकडला, मला आत येऊन सांगितले आणि आम्ही तिच्या भावाला बोलावून त्याच संध्याकाळी तिला जिल्हा रुग्णालयात पाठवले. आज ती उपचार घेत आहे. माझ्या नाडीपरीक्षेला जे कळले नव्हते, ते त्यांच्या थांबण्याला कळले.